खिंडीतला न आलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. ॲल्युमिनियमचा, तीन पायांचा, त्यातला एक पाय बोटभर आखूड. दुकानात मला या नावाने कोणी हाक मारत नाही. तिथे मी 'स्टँड'. 'तो स्टँड जरा बाजूला घे' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा तुम्ही स्वतःचं नावही ऐकलं नसेल. फोटो चांगला आला की लोक कॅमेऱ्याचं कौतुक करतात, काढणाऱ्याचं करतात, फोटोतल्या माणसाच्या शर्टाचंसुद्धा करतात. ज्याच्या डोक्यावर ते सगळं तोललेलं असतं त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पूर्वी मला याचा फार राग यायचा. अजूनही येतो, खोटं कशाला बोलू. पण एका बाईने मला बाजूला घेतलं नाही, पाठीवर घेतलं. तिची आणि माझी ही गोष्ट आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. ज्या नळ्या कापून माझे पाय केले, पलीकडच्या टेबलावर त्याच नळ्यांच्या घडीच्या खुर्च्या होत होत्या. थोडक्यात वाचलो, नाहीतर जन्मभर कोणीतरी माझ्यावर बसलं असतं. पायांना खटके लावले, वर फिरतं डोकं बसवलं, डोक्यात कॅमेरा घट्ट धरणारा एक स्क्रू. मग एका कामगार बाईने मला टेबलावर उभं केलं, डोक्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला आणि टेबलावर दाणकन मूठ आपटली. ज्याचं पाणी सांडेल तो परत दुरुस्तीला. माझा एक थेंबही सांडला नाही. तिने माझ्या पायावर खडूने खूण केली आणि पुढच्याला उचललं. झालं तेवढंच कौतुक. पण मला ते बरीच वर्षं पुरलं.

तिथून मी एका फोटोच्या दुकानात आलो. लांबट, अरुंद दुकान. पुढे काचेचा काउंटर, मधे पडदा, पडद्याच्या आत एक स्टूल आणि स्टुलामागे फिकट निळी भिंत. मालकांना सगळे अण्णा म्हणत. काम मुख्यतः ओळखपत्राच्या फोटोंचं, आणि ते करायची अण्णांची थोरली मुलगी. धाकट्या भावंडांमुळे तिचं नाव ताई पडलं ते इतकं चिकटलं की पुढे खुद्द अण्णाही तिला ताईच म्हणू लागले.

सोळा वर्षं मी त्या निळ्या भिंतीकडे तोंड करून उभा होतो. समोर माणसं बसत होती आणि उठत होती. माझ्यामागून ताईचा आवाज: "हनुवटी थोडी खाली. खांदे सरळ. आता हलू नका." एका माणसाला एक मिनिट. ताईचं लग्न झालं नव्हतं आणि स्टुलावर बसणाऱ्या दर तिसऱ्या बाईला त्याची काळजी असायची. 'का गं केलं नाहीस?' असं कोणी सुरू केलं की ताई शांतपणे म्हणायची, "ओठ मिटा." फोटोसाठी, अर्थात.

इतके चेहरे टिपणाऱ्या या बाईचा स्वतःचा फोटो मात्र नव्हता. शाळेतला एक होता. त्यात ती तिसऱ्या रांगेत, पुढच्या मुलीच्या रिबिनीमागे.

त्या काळी कॅमेऱ्यात रोल असायचा, ते तुम्हाला समजावून सांगायला हवं. छत्तीस फोटोंची एक लांब पट्टी, डबीत गुंडाळलेली. तिचं टोक कॅमेऱ्यातल्या दांडीच्या फटीत अडकवायचं, झाकण लावायचं आणि दर फोटोनंतर खटका ओढून पट्टी पुढे सरकवायची. टोक नीट अडकलं नाही तर पट्टी जागची हलत नाही. पण बटण दाबलं जातं, आवाज होतो, वरचा आकडाही गुमान पुढे पुढे जातो, आणि आत काही म्हणजे काही उमटत नाही. कॅमेरा तोंडावर खोटं बोलतो. त्याला पकडायची युक्ती एकच. खटका ओढताना डावीकडची छोटी गुंडी आपोआप फिरते का ते बघायचं. फिरली तर रोल चालतोय. अण्णांनी ताईला हे नवव्या वर्षी शिकवलं होतं: आधी गुंडी, मग बटण. मला गुंडी बघावी लागत नाही. रोल सरकला की स्क्रूमधून माझ्या डोक्यात एक बारीक कुरकुर उतरते.

आणखी एक गोष्ट अण्णांनी तिला शिकवली, तोंडाने न सांगता. रंगीत रोल धुवायला दूरच्या मोठ्या लॅबमध्ये जायचे. आपल्या हातून काही बिघडलं, फ्लॅश पेटला नाही, झाकण उघडं राहिलं, की गिऱ्हाइकाला सांगायचं, लॅबवाल्यांनी खराब केलं हो. लॅब लांब, तिला तोंड नाही. या धंद्यातले बहुतेक जण हेच करत, आणि मला विचाराल तर ही शुद्ध बदमाशी होती. एका मुलाच्या पहिल्या वाढदिवसाचे सगळेच्या सगळे फोटो अण्णांनी असे लॅबच्या गळ्यात मारले. मुलाची आई रडत पायऱ्या उतरली. ताई काउंटरची काच पुसत राहिली. काच स्वच्छच होती.

मग एका सकाळी आठ जणांनी दुकान भरून टाकलं. डोंगर चढणाऱ्यांचा गट होता. एका उंच खिंडीत जायचं होतं, त्याच्या परवान्यासाठी फोटो हवे होते. सगळ्यांना पुढे घालून मागून चालणारा तो त्यांचा म्होरक्या. एक बँकवाली, हाताशी कायम यादी. बाकी पाच तरुण मंडळी. आणि सगळ्यांत शेवटी स्टुलावर बसले ते नकाशे आजोबा.

आजोबांनी चौतीस वर्षं नकाशांच्या कचेरीत काढली होती. दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या उंचीवरून कागदावर डोंगराच्या रेषा काढायच्या, हे त्यांचं काम. ही खिंड त्यांनी चार वेळा काढली होती आणि एकदाही पाहिली नव्हती. निवृत्त झाल्यावर दोनदा निघाले. एकदा हवा बिघडली, एकदा गुडघा. दोन्ही वेळा घरी आल्यावर आजी म्हणाल्या, तुम्ही आपले कागदावरच चढा. तेव्हा आता वर उभं राहायचं, फोटो काढायचा आणि तो आजींच्या पुढ्यात ठेवायचा, एवढी एकच इच्छा धरून अडुसष्टाव्या वर्षी हा माणूस पुन्हा निघाला होता. 'यंदा नाही झालं तर झालंच नाही,' असं ते हसत म्हणाले. पण हसू काही फार टिकलं नाही.

ताईने सहा वेळा बटण दाबलं आणि सहाही वेळा आजोबांनी नेमके डोळे मिटले. मधल्या वेळात ते भिंतीवर लावलेले नमुन्याचे फोटो बघत होते. एकदम म्हणाले, "पोरी, तू काढलेला असा एक तरी फोटो आहे का, ज्यात ही भिंत नाही?"

ताई म्हणाली, "डोळे उघडे ठेवा, आजोबा." पण त्यानंतरच्या दोन गिऱ्हाइकांना ती हनुवटी खाली घ्यायला सांगायची विसरली.

जाता जाता म्होरक्याने रडगाणं गायलं की मागच्या वेळी फोटो त्याने काढले, त्यात सगळ्यांचे बूट आले आणि डोकी गेली. तुम्हीच चला की, असं तो गमतीने म्हणाला. दुसऱ्या दिवशी ताईने त्याला निरोप पाठवला की ती येते आहे. अण्णांनी अर्धा तास आदळआपट केली. दुकान कोण बघणार, या वयात हे काय सुचलं, एकेचाळिसाव्या वर्षी कोणी डोंगर चढायला शिकतं का. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की दुकान ज्यांचं आहे ते बघतील, आठच दिवसांचा प्रश्न आहे. निघताना मला पाठीला बांधलेलं बघून म्होरक्या म्हणाला, स्टँडचं ओझं कशाला? ताईने सांगितलं, स्टँड नसला की फोटो काढणारा फोटोबाहेर राहतो. मी तर सोळा वर्षांत स्वतःबद्दल इतकं शहाणं वाक्य ऐकलं नव्हतं.

पहिल्या दिवशी आम्ही एका नदीपाशी थांबलो. मागे रुंद पाणी, पलीकडे डोंगरांच्या रांगाच रांगा. आणि ताईने आठही जणांना उंचीप्रमाणे लावून एका सपाट काळ्या कातळासमोर उभं केलं. हनुवटी खाली, खांदे सरळ. भिंत सापडल्यावर तिला बरं वाटलं असावं. आजोबा म्हणाले, "पोरी, आमचे परवाने आधीच निघालेत." सगळे खो खो हसले. तिचे कान लाल झाले. तरी तिने तो फोटो काढला, आणि वाईट काढला.

दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडताना ती घसरली. तोल सावरायला तिने सगळा भार माझ्यावर टाकला, माझा पाय दोन धोंड्यांच्या बेचक्यात अडकला आणि कडकन आवाज झाला. खालचा तुकडा वाकून चिरला होता. म्होरक्याने तो करवतीने कापून टाकला. मला वाटलं, संपलं आता, मला इथेच टाकून देतील. ताईने आखूड पायाखाली एक चपटा दगड सरकवला, माझ्या डोक्यावर तळहात ठेवून हलवून पाहिलं आणि म्हणाली, "उभा राहतोय की."

मित्रांनो, त्या दगडाने तिला बदललं असं मी म्हणेन. कारण आता कॅमेरा लावायचा म्हणजे आधी माझ्यासाठी दगड शोधणं आलं. दगड शोधायचा म्हणजे खाली वाकणं आलं. वाकली की तिला खडकाच्या भेगेतलं गवत दिसे, चिखलात उमटलेले पक्ष्याचे पाय दिसत, पाण्याखालचे गोटे दिसत. गुडघे टेकून बसे आणि बसूनच राही. आधी ती एका मिनिटात फोटो उरकायची. आता मी पायाखालचा दगड पार तापेपर्यंत उभा असे.

चौथ्या सकाळी धुकं होतं. तिने मला एका उतारावर उभं केलं, बोट बटणावर ठेवलं आणि वाट बघत राहिली. धुकं हळूहळू फाटलं. खाली दरी उघडली, दरीत उन्हाचा एक पट्टा उतरला, पट्ट्यातून पाखरांचा थवा आरपार गेला. मी मनात म्हटलं, दाब, आता दाब. तिने दाबलंच नाही. नुसती बघत उभी राहिली. बँकवालीने हाक मारून विचारलं, काढला का? ताई म्हणाली, "नाही. बघत होते." आणि हे सांगताना तिला जराही ओशाळल्यासारखं झालं नाही. मी मात्र चक्रावलो होतो. फोटो न काढण्यासाठी मला कोणी पहिल्यांदाच उभं केलं होतं.

पहिला रोल खिंडीखालच्या तळावर संपला. पाचव्या दिवशी शेवटची चढण.

आजोबा मागे पडू लागले. म्होरक्याने सुचवलं की त्यांनी इथेच कोणाबरोबर तरी थांबावं. आजोबांनी काठीवरची मूठ आवळली. ताईने त्यांची पिशवी पुढे छातीशी घेतली, पाठीवर मी होतोच, आणि ती त्यांच्या चालीने चालू लागली. आजोबा दम खाता खाता सांगत होते, ही पाहा, आता एक रेषा ओलांडली. वीस मीटर उंची चढली की एक रेषा. ही मी जरा वाकडी काढली होती, साहेबांनी खोडायला लावली. साहेब चुकले, बघ, इथे वळण आहेच. ताई प्रत्येक रेषेला हं म्हणत होती. अशा एकोणीस रेषा आम्ही चढलो.

खिंडीत पोहोचल्यावर आजोबा बराच वेळ दोन्ही बाजूंना आळीपाळीने बघत राहिले. मग म्हणाले, "रेषा बरोबर होत्या." आणि थोड्या वेळाने, "वारा तेवढा काढता आला नव्हता."

तेवढ्यात म्होरक्याने आभाळाकडे बोट दाखवलं. ढग चढून येत होते. पाच मिनिटं, मग उतरायचं. ताईने हातमोजे दातांनी ओढून काढले आणि नवा रोल कॅमेऱ्यात टाकला. बोटं बधिर होती. टोक फटीत सरकवलं, झाकण लावलं, खटका ओढला. तिची नजर गुंडीवर नव्हती. आजोबा टोपी हातात धरून वाऱ्यात उभे होते, ती त्यांच्याकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. नवव्या वर्षापासून न चुकलेली गोष्ट त्या एका क्षणी चुकली.

माझ्या डोक्यात कुरकुर उतरली नाही.

मला तोंड असतं तर मी बोंब मारली असती. गुंडी बघ, ताई, गुंडी बघ. पण मला तीन पाय आहेत आणि तोंड नाही. मी नुसता उभा राहिलो. इतकं स्थिर उभं राहण्याची मला कधी लाज वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली.

तिने सगळ्यांना उभं केलं नाही, ज्याला जसं उभं राहायचं तसं राहू दिलं. टायमर लावला. दहा सेकंद. धावत सुटली, दगडावर घसरली, आजोबा आणि म्होरक्या यांच्यामध्ये जवळजवळ आदळली, आणि तोंड उघडं टाकून हसली. खट्. नऊ माणसं. ताईचा तो चेहरा कुठेही उमटला नाही. तो फक्त माझ्यासमोर झाला. त्यानंतर तिने घाईघाईने एकट्या आजोबांचे काढले, दोन्ही दऱ्यांचे काढले, ढगांचे काढले. एकही कुरकुर नाही.

उतरताना तिचं बटण दाबणं सुरूच होतं. छत्तीस झाले. सदतीस झाले. कधीकधी पट्टी एखाद-दोन फोटो जास्त देते, म्हणून ती खूश झाली. अडतीस. एकोणचाळीसला तिचा हात थांबला. तिने हळूच डावीकडची गुंडी फिरवली. गुंडी भिंगरीसारखी मोकळी फिरली. तिला आतल्या पट्टीची ओढ म्हणून नव्हती.

ती तिथेच दगडावर बसली. कोणीतरी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, बुटात खडा गेलाय.

इथे मी तिची बाजू घेणार नाही. पुढचे दोन दिवस आजोबा, फोटो आजींच्या पुढ्यात कसा टाकणार, आधी पालथा ठेवणार की सुलटा, याच्या तालमी करत चालले होते. ताई शेजारून चालत होती आणि गप्प होती. ती घाबरली होती. घाबरलेली माणसं अशीच वागतात, पण त्यामुळे ते बरोबर ठरत नाही.

घरी आल्यावर तिने अंधाऱ्या खोलीत चाचपडत कॅमेरा उघडला. पट्टीचं टोक जसं घातलं होतं तसंच होतं, तेवढंच, वीतभरही बाहेर आलेलं नव्हतं. पहिला रोल लॅबमध्ये गेला आणि चांगला धुऊन आला. गटाला रविवारी दुकानात बोलावलं होतं. शनिवारी तिने अण्णांना सांगितलं. अण्णांनी डोळे वर न करता पाकिटं मोजणं चालू ठेवलं. म्हणाले, "लॅबवर ढकल. मी जन्मभर ढकललं, कोणी मेलं नाही."

त्या दिवशी ताईने निळी भिंत उगाचच ओल्या फडक्याने पुसून काढली.

रविवारी सगळे आले. आजोबांबरोबर आजीही आल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी दुकानाच्या तीन पायऱ्या एक एक करून चढत. त्यांना ताईने स्टूल दिलं. पहिल्या रोलचे फोटो हातोहात फिरले. कातळासमोरची रांग बघून पुन्हा हशा पिकला. चिखलातल्या पावलांचा फोटो बघून मात्र कोणी हसलं नाही, तो दोनदा फिरला. मग आजोबांनी हात पुढे केला. वरचे कुठे आहेत?

अण्णा काउंटरवरून म्हणाले, "त्याचं काय झालं, लॅबवाल्यांनी..."

"नाही, अण्णा." ताई काउंटरच्या पुढे येऊन उभी राहिली. "तो रोल लॅबमध्ये गेलाच नाही. तो माझ्या हातून नीट बसला नव्हता. मी तपासलं नाही. वरचा एकही फोटो नाही. मला उतरतानाच कळलं होतं आणि मी सांगितलं नाही."

बँकवालीने आपली यादी मिटली, पिशवीत घातली आणि निघून गेली. ती पुन्हा कधी आली नाही. म्होरक्या म्हणाला, "सोळा वर्षं हेच काम करतेस ना तू?"

"हो," ताई म्हणाली.

आजोबा आपल्या रिकाम्या तळहाताकडे बघत होते. "फोटो हवा होता गं," ते म्हणाले. ओरडले असते तर बरं, इतक्या हळू म्हणाले.

आजींनी चष्मा नाकावर सरकवला आणि नवऱ्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बघितलं. "फोटो नसेना का. यांच्या नाकाचं साल निघालंय बटाट्यासारखं. ते काय कचेरीत बसून निघालं?" मग ताईकडे वळून म्हणाल्या, "वर गेले होते ना हे? तू पाहिलंस?"

"पाहिलं, आजी. टोपी हातात होती. डावा पाय उंच दगडावर. उजव्या बुटाची नाडी सुटलेली, आणि तोंड वाऱ्याकडे."

आजोबांनी मान वर केली. मग त्यांनी कागद मागितला. ताईने फोटो-कागदाच्या खोक्याचं पांढरं झाकण दिलं. आजोबांनी खिशातून पेन्सिल काढली आणि न थांबता रेषा ओढल्या, एकीच्या पोटात एक, चौतीस वर्षांच्या हाताने. खिंड कागदावर आली. "सांग आता. कोण कुठे?"

ताई सांगत गेली, आजोबा एकेक ठिपका देत गेले. आजोबा इथे. त्यांच्या डावीकडे दोन हात सोडून बँकवाली, केस तोंडावर आलेले. निघून गेलेल्या बाईचाही ठिपका पडला, कारण ती तिथे होती. म्होरक्या इथे, हसत. म्होरक्या फुरंगटून म्हणाला, मी हसत नव्हतो. तिने सांगितलं, हसत होतास, पुढचा दात दिसत होता. बाकीचे पुढे सरकले, काउंटरवर वाकले, आपापला ठिपका दाखवू लागले. आठ झाले.

"आणि तू?" आजोबांनी विचारलं.

ताई थांबली. सगळ्यांचं तिला सांगता येत होतं, स्वतःचं येत नव्हतं. शेवटी तोंड उघडलं ते म्होरक्याने, जरा नाइलाजाने. "ती आमच्या दोघांच्या मधे होती. घसरत आली. तोंड उघडं टाकून हसत होती. मी तिला इतकी... खूश दिसत होती ती." आजोबा म्हणाले, हो, अगदी तशीच. ताई त्या दोघांकडे बघत राहिली. माणसं स्टुलावर बसून आपला फोटो हातात घेताना जशी बघतात, तशी.

नववा ठिपका पडला. आजोबांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. "कॅमेरा काही अधांतरी नव्हता," ते म्हणाले, आणि खिंडीच्या कडेला तीन बारीक ठिपके काढले. तिसऱ्याखाली एक छोटी आडवी रेघ. माझा दगड.

मित्रांनो, ॲल्युमिनियमला रडता येत नाही. बरं आहे.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी कोणाला न सांगता त्या झाकणाला चौकट केली. काच स्वतः कापली आणि बोटही कापून घेतलं. पुढच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या रोलवर त्यांच्या हातून उजेड पडला. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, "माझ्याकडून खराब झालं." शब्द अडखळत आले, पण आले. गिऱ्हाईक बडबडून गेलं. ताई तेव्हा काच पुसत नव्हती, वडिलांकडे बघत होती.

आजोबा पुन्हा खिंडीत गेले नाहीत. ताई गेली, आणि इतर पुष्कळ ठिकाणी गेली. अकरा वर्षं तिच्या पाठीवर मी हिंडलो. दुकानातले नमुन्याचे फोटो बदलत गेले. आता त्यांत भिंत फारशी नाही. मग रोल गेले, नवे कॅमेरे आले, माझ्याहून निम्म्या वजनाचे ट्रायपॉड आले. अण्णा गेले. मी पडद्याआड उभा आहे. माझ्यावर कोणाचा तरी रेनकोट असतो. स्क्रूला गंज चढलाय, एक खटका बसत नाही. ताई कधीतरी आठवणीने तेल घालते, कधी विसरते. मला त्याचं वाईट वाटतं. तेलाचे दोन थेंब काही फार नाहीत. तुमच्या घरात अशी कामातून गेलेली एखादी वस्तू असेल तर महिन्यातून एकदा तिला पुसा, तेवढं तरी करा.

भिंतीवरची चौकट बघून नवीन माणसं विचारतात, हे काय आहे? ताई सांगते, "आमचा ग्रुप फोटो." ती माणसं हसतात. ती हसत नाही.

तर आता माझं शेवटचं ऐका. तुमच्या हातूनही कधीतरी कोणाची तरी मोठी गोष्ट बिघडेल. तेव्हा जो समोर नाही त्याच्यावर ढकलू नका. ज्याचं नुकसान झालं त्याच्यासमोर उभे राहा आणि सांगा, माझ्याकडून झालं. लगेच सांगा, ताईसारखे दिवस घालवू नका. काही जण उठून जातील, आणि गेलेले परत येतीलच असं नाही. बँकवाली नाही आली. पण जे बसून राहतील, त्यांच्याकडूनच तुम्हाला कळेल की त्या दिवशी तुम्ही कसे दिसत होतात.